आज भाजी काय?

भिलाईच्या जुनवानीत भाड्याचं घर शोधत फिरत होते, तेव्हा जिथंतिथं पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की ते घर कालच कुणाला तरी देऊन झालेलं असायचं. आमचे हे जाऊन वर्ष होत आलेलं, सेक्टर दहामधलं त्यांच्या नोकरीचं क्वार्टर सोडायची वेळ आलेली, आणि मी आपली उन्हातान्हात दारं वाजवत चाललेली. त्यात हा एकच माणूस असा निघाला की त्यानं आडनाव विचारलंच नाही. दारात उभा राहून म्हणाला, “सिलिंडर कुठं ठेवाल?”

मी म्हटलं, “ओट्याखाली. आणखी कुठं?”

“नाही जमत. बाहेर गॅलरीत ठेवा लागन. नळी मी टाकून देतो.” मग जरा थांबून, माझ्या डोळ्यांत टक लावून पाहत, “आज भाजी काय केली घरी?”

आता सांगा, घर पाहायला आलेल्या बाईला हे विचारायची काही रीत आहे का? मला वाटलं, हाही दुसऱ्या वाटेनं तिथंच येऊन राहिला. आडनाव नाही विचारत, ताटात काय पडतं ते विचारतो. माझंही डोकं फिरलं. मान ताठ करून म्हटलं, “सुकट.”

“कशी?”

“टमाटर टाकून. लसूण जास्त.”

त्याचा चेहरा एकदम खुलला. “बराबर जवाब,” म्हणाला. “या राहायले.”

असे आमचे घरमालक. ते वर एकटे, मी खाली एकटी. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला वहिनी. पहिल्या दिवशी मी जय भीम केला तर त्यांनीही जय भीम केला आणि लगेच विचारलं, “वहिनी, झोपताना खिडकी उघडी ठेवता ना?”

भाऊ भिलाईच्या स्टील प्लांटच्या गॅस सेफ्टीतून रिटायर झालेले. भिलाईतल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. भट्टीतून एक गॅस निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. नाकाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. डोकं जड होतं, गुंगी येते, कुणाकुणाला तर बरंही वाटतं म्हणे, आणि माणूस तिथंच बसून राहतो. बसला की संपला. भाऊंची सारी नोकरी त्या न दिसणाऱ्या वस्तूला भिण्यात गेली. रिटायर झाल्यावर नोकरी सुटली, भीती काही सुटली नाही. ती ते घरी घेऊन आले, लोक घड्याळ आणि शाल घेऊन येतात तशी.

थंडीत सगळी जुनवानी दारंखिडक्या लावून गोधडीत शिरलेली असायची, आणि यांच्या खिडक्या सताड उघड्या. आत हे कानटोपी, मफलर आणि स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेले. “हवा फिरती पाहिजे” असं म्हणताना दात वाजायचे.

गच्चीवर एका काठीला लाल कापडाची पट्टी बांधलेली. वारा कुठून कुठं जाऊन राहिला ते कळावं म्हणून. गॅस सुटला तर वाऱ्यासोबत पळायचं नाही, आडवं पळायचं, हे त्यांनी मला सामान उतरवतानाच समजावलं होतं. माझ्या डोक्यावर पिठाचा डबा, आणि हे हातवारे करून दाखवताहेत. जुनवानीत गॅस कुठून सुटेल, हे मी विचारलं नाही. भाजीवाली बाई एक दिवस टोपली उतरवून त्या पट्टीला हात जोडून उभी. “ए बबा, कोन देवता के झंडा ए?” भाऊ वरून ओरडले, “हवा के!” तिनं पुन्हा एकदा हात जोडले. पुढं तर ती रोजच जोडायची, आणि आमच्या घरी मेथीची जुडी जरा जाड द्यायची.

दुसरी गोष्ट म्हणजे बटण. कुठलंही बटण दाबायच्या आधी भाऊ मोठ्यानं हाकारायचे, “चालू करतो!” मशिनीजवळ कुणाचा हात असेल तर त्यानं काढून घ्यावा, म्हणून प्लांटमध्ये तसं ओरडायची चाल. इथं मशिनीजवळ कोण? पंखा, दिवा, पाण्याची मोटर. घरात दुसरं चिटपाखरू नाही. तरी “चालू करतो!” आणि क्षणभर थांबून मगच टक. आधी मी दचकायची. मग सवय झाली. सकाळी वरून आवाज आला की मनात म्हणायची, चला, भाऊ उठले, टाकी भरेल.

आणि त्यांची लोखंडी अलमारी. बायको गेल्यावर तिच्या साड्या त्यांनी वाटून टाकल्या, अलमारी रिकामी झाली. मग त्यात काय काय गेलं! काडेपेट्या, सुऱ्या, फिनाइल, इस्त्री, झोपेच्या गोळ्या, टेबलफॅनची जुनी वायर. जिवाला अपाय करू शकेल अशी घरातली एक एक वस्तू आत. चावी करदोट्याला. “लोखंडाच्या आत टाकलं का झोप लागते, वहिनी,” असं म्हणायचे. मी म्हटलं, “मग तुम्हीच आत झोपत जा.” तर म्हणाले, “हवा नाही न तिथं.”

पण गल्लीत ते ओळखले जायचे त्या भाजीच्या प्रश्नानं. दूधवाला, पोस्टमन, देवळातला पुजारी, कुणीही समोर आलं की हे डोळ्यांत पाहायचे आणि “आज भाजी काय?” दुर्गला एका लग्नात आम्ही सोबत गेलो होतो. स्टेजवर चढून त्यांनी नवरदेवाला विचारलं, “आज भाजी काय?” त्या बिचाऱ्यानं हारातून हात काढून जेवणाच्या टेबलाकडं बोट दाखवलं. खाली बायका तोंडाला पदर लावून, “बुढ्याले घरी कोणी खायले देत नाही वाटते.” समोरच्या घरच्या वहिनीला तर खरंच दया आली. तिनं एकदा गवारीच्या शेंगांची भाजी डब्यात घालून पाठवली. यांनी चाटूनपुसून खाल्ली, डबा घासून परत द्यायला गेले, आणि दारात उभं राहून विचारलं, “आज भाजी काय?”

“अहो भाऊ, आत्ता तुम्हीच खाल्ली ना!”

“मले माहीत हाय. तुमाले माहीत हाय का, ते पाहून राहिलो.”

एक दिवस भाऊ जिन्यावर शेंगा सोलत बसले होते, तेव्हा मीच छेडलं. “भाऊ, तुम्ही हे सगळ्यांले कावून विचारता?”

त्यांनी दुसरी शेंग उचलली. मग म्हणाले, “भिलाईत यायच्या आधीची गोष्ट हाय. दूरच्या मुलखात एका लहानशा भट्टीवर होतो. मिसरूडबी फुटलं नव्हतं. नेम असा का आत एकानं जायचं, दाराशी एकानं उभं राहायचं, आन् दाराशी जो हाय त्यानं आवाज देत राहायचं. मी दाराशी. दोस्त आत. मी इचारलं, ठीक? तो म्हणे, ठीक. मंग इचारलं, ठीक? म्हणे, ठीक. हसलाबी. मले वाटलं, चांगलं चालून राहिलं. मंग आवाजच आला नाही.”

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“ठीक म्हणायले डोकं लागत नाही, वहिनी. तोंड आपल्याआप म्हणते. भाजी सांगायची तर सकाळपर्यंत माघारी जा लागते, घरापर्यंत जा लागते. गॅस चढलेला माणूस घरापर्यंत जाऊ शकत नाही. ठीक हा जवाब नाही. तो निस्ता आवाज हाय.”

“आणि तुम्ही? आत गेले नाही?”

“नेम हाय. जवाब नाही आला तर एकट्यानं आत नाही जायचं. माणसं बोलवायची. नाहीतर दुसराबी जाते.” शेंग त्यांनी ताटलीत टाकली. “उभा होतो मी तिथं. दाराशीच.”

त्या दिवसापासून मी त्यांना हसले नाही. आणि खरं सांगू का, मला ते जरा जास्तच समजलं. कारण मीही तशीच दाराशी उभी राहणारी बाई.

माझी मितू जन्मापासून ऐकत नाही. ज्या पोरीला हाक ऐकू जात नाही, तिच्या आईला भिणं शिकवावं लागत नाही. रस्ता, विहीर, सायकल, उकळतं पाणी, कशावरूनही “अगं!” म्हणायची सोय नाही. क्वार्टरात तिला बोलवायचं तर मी दिव्याचं बटण खालीवर करायची. एकदा बंद करून लावला म्हणजे जेवायला ये. आणि एकदा स्टोव्ह भडकला, तेव्हापासून दुसरा नेम केला. दिवा लागोपाठ फडफडला म्हणजे हातातलं असेल ते टाकायचं आणि घराबाहेर पळायचं. कावून म्हणून विचारायचं नाही. मी तिच्याकडून ते घोटून घेतलं होतं, पाढे घोटून घ्यावेत तसं. अभ्यासात असो, खेळात असो, दिवा फडफडला की पोरगी बाहेर. मग मी तिला अंगणात जाऊन जवळ घ्यायची. ती हातानं विचारायची, काय झालं? मी सांगायची, काही नाही, पाहून राहिले होते.

मितू लग्न होऊन नागपूरला गेली. जावई रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. त्यांना ऐकू येतं, पण हातांनी बोलायला तिच्याकडून शिकले. माणूस चांगला, ड्यूटी मात्र वाईट. लाईनवर गेले की फोन लागत नाही.

म्हणून मितूनं मला लॅपटॉप आणून दिला. माझा फोन बटणांचा, त्यावर मेसेज तेवढा येतो. आणि मोबाइलच्या काचेत आमची अर्धी वाक्यं बाहेर राहतात, हातांना जागा लागते. लॅपटॉपवर रोज संध्याकाळी ती दिसायची आणि आम्ही पोटभर बोलायचो. आमच्या घरच्या खुणा आहेत, शाळेतल्या नाहीत. मेथी म्हणजे चिमटीनं पान खुडायचं. कारलं म्हणजे नाक मुरडायचं. वांगं म्हणजे एका हाताची मूठ, आणि दुसऱ्या हाताची बोटं वरून टोपीसारखी ठेवायची.

यासाठी घरात वायफाय हवं होतं, आणि वायफायला भाऊ नको म्हणत होते. “रंग नाही, वास नाही, भिंतीतून आरपार जाते. मी घरात घेऊ का असली वस्तू?” मी मितूचं सांगितलं. त्यांनी एक दिवस विचार केला आणि स्वतःच्याच घरी लावून घेतलं, खाली मला त्यातून मिळेल असं. डबा बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, “हे लीक झालं तर अलार्म कोणता वाजते?” तो म्हणाला, “अंकल, ये तो लीक होने के लिए ही है.” भाऊंना ते मुळीच आवडलं नाही. पण पुढं संध्याकाळी माझ्या दाराच्या चौकटीत येऊन उभे राहायचे. “इचारा, भाजी काय?” मितू खुणेनं सांगायची, आणि हे समाधानानं वर जायचे. मितूनं त्यांची खूणही करून टाकली होती. मनगट टेकवून हात फडफडवायचा, लाल पट्टीसारखा.

आता त्या दिवसाचं सांगते.

थंडीचे दिवस. आदल्या संध्याकाळपासून माझा लॅपटॉप जोडलाच जाईना. ती पंख्यासारखी खूण असते ना, तिच्यावर रेघा नाहीत. मध्येच आमच्या वायफायचं नाव दिसायचं, दाबलं की थोडा वेळ गोल फिरायचं आणि लिहून यायचं की जोडता येत नाही. मितूनं शिकवलं होतं तेवढं सगळं मी केलं. बंद करून चालू केला. नाव पुसून पुन्हा घेतलं. पासवर्ड एक एक अक्षर बोट ठेवून टाकला. ते विमानाचं बटण चुकून दाबलं गेलं का, तेही पाहिलं. काही नाही.

मितूला मेसेज टाकला, वायफाय बिघडलं म्हणून. तिचा आला, “बरं आई.” सकाळी आला, “डोकं दुखते. नवीन घरात खूप थंडी.” जावई रात्रीपासून लाईनवर होते. तिनं लिहिलं, चादरी धुवायला काढल्या आहेत, गरम पाणी सोडलं आहे. दुपारी मी विचारलं, डोकं कसं आहे? “ठीक आहे.” काही खाल्लंस का? “ठीक आहे.” झोप थोडी, धुणं राहू दे. “ठीक आहे.”

मी फोन हातात घेऊन वर गेले. भाऊ खिडकीत उतरत्या उन्हाला बसले होते.

“भाऊ, तुमचं वायफाय बंद आहे का हो?”

“चालू हाय. मी बटण बंदच केलं नाही न.”

मी मेसेज दाखवले. त्यांनी चष्मा चढवला, वाचले, आणि चष्मा काढलाच नाही.

“हे ‘ठीक’ कोणाले म्हणून राहिली ते?”

“मला.”

“खाल्लं का, याचा जवाब ठीक नसते, वहिनी. भाजी इचारा.”

मी टाइप केलं. भाजी काय केली? आम्ही दोघं त्या एवढ्याशा काचेकडं पाहत बसलो. खाली रस्त्यावरून कांदेवाल्याची गाडी ओरडत गेली. फोन थरारला.

“ठीक आहे.”

भाऊ उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. या माणसाला मी रोज भिताना पाहिलं होतं, काडेपेटीला, इस्त्रीला, बंद खिडकीला. ते सगळं लुटुपुटूचं होतं, हे तेव्हा कळलं.

“जावयाले फोन लावा.”

लागेना. शेजाऱ्यापाजाऱ्याचा नंबर नाही, बिऱ्हाड नवीनच घेतलेलं. मितूला फोन करून उपयोग काय? ती ऐकणार कशी? मी तिथंच खाली बसले. “भाऊ, मला पोरगी दिसली पाहिजे. मला तिचे हात पाहू द्या.”

“लॅपटॉप आणा,” ते म्हणाले. “तो उघडा धरून चाला. जिथं पकडन तिथं बसू. मी मागं हाय.”

आणि मग ते मला गॅस शोधल्यासारखं घेऊन निघाले. लॅपटॉप मी छातीशी उघडा धरलेला, तोंड पुढं, आणि भाऊंचे डोळे त्या पंख्याच्या खुणेवर. माझ्या खोलीत काही नाही. गॅलरीत काही नाही. “हळू. घाई केली का चुकते.” जिन्याशी आलो तर एक रेघ उमटली. “वर चला.” रेघ गेली. “एक पायरी खाली.” पुन्हा आली. “जिकडून येऊन राहिली तिकडं चला, सोडू नका.” मनात एकच, पोरगी तिथं एकटी आहे आणि मी इथं पायऱ्या चढउतर करून राहिले. भाऊंच्या खोलीत शिरलो. खिडकीशी कमी. पलंगाशी तेवढीच. भिंतीकडं वळले तशी एक रेघ वाढली.

समोर लोखंडी अलमारी होती.

भाऊ थबकले. त्यांच्या हाताला काही क्षण करदोटाच सापडेना. चावी लागली, कडी खटकन उघडली, आणि आत काडेपेट्या आणि सुऱ्यांच्या मधोमध वायफायचा डबा, हिरवे दिवे मिचकावत बसलेला. मागच्या पत्र्याच्या भोकातून वायर आत घेतलेली. माझ्या हातातला पंखा पुरा भरला.

“काल उंदीर दिसला होता,” ते म्हणाले. “वायर कुरतडन, म्हणून आत टाकला. सेफ्टीसाठी.” मग हळूच, “लोखंड. मले समजलंच नाही. एवढं वर्ष लोखंडात काढलं आन्...”

मला ऐकायला वेळ नव्हता. मी अलमारीसमोर फरशीवर बसले आणि मितूला लावलं. तिचा मोबाइल हातात थरथरतो, त्यावरून तिला कळतं. वाजत राहिलं. वाजत राहिलं. मग काचेत उजेड आला आणि मितू दिसली.

ती भिंतीला टेकून खाली बसली होती. मोबाइल कशावर तरी ठेवला असावा. केस ओले, गाल लाल, आणि हसत होती. मला एकदम हायसं वाटलं. मी हातानं विचारलं, कशी आहेस? तिनं अंगठा दाखवला. ठीक.

“भाजी,” मागून भाऊ म्हणाले.

मी विचारलं, आज भाजी काय? तिनं पुन्हा अंगठा दाखवला. मी पुन्हा विचारलं, मोठ्या मोठ्या खुणा करून. ती जरा विचारात पडल्यासारखी झाली. मग तिनं एका हाताची मूठ केली. वांगं, म्हणजे मी समजले. दुसऱ्या हाताची बोटं वर आली, पण मुठीवर बसलीच नाहीत. बाजूला हवेत टेकली आणि खाली पडली. तिनं पुन्हा उचलली. पुन्हा बाजूलाच. आणि ते पाहून तिला हसू आलं.

माझ्या पोरीचे हात बोबडे झाले होते.

“पाणी कशावर तापवते ते?” भाऊ माझ्या कानाशी होते.

“गॅसचं गीझर आहे. न्हाणीघरात.”

“खिडकी?”

“थंडीची कोण उघडी ठेवते, भाऊ!”

“तोच गॅस. बाहेर काढा तिले. आत्ताच्या आत्ता. बाहेर!”

मी सांगितलं. दार, बाहेर, जा. दोन्ही हातांनी सांगितलं, ओरडूनही सांगितलं, जसं काही तिला ऐकूच जाणार होतं. तिनं मान हलवली. बाहेर थंडी, असं काहीसं केलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले म्हणजे माझं तोंडच बांधलं गेलं, हे बाकीच्यांना नाही कळायचं. मी काचेवर हात आपटला. त्यानं काय होतं?

मग मला ते आठवलं.

“भाऊ, दिवा! खोलीतला दिवा चालू-बंद करा! करत राहा!”

कावून म्हणून त्यांनी विचारलं नाही. बटणाशी गेले. आणि खोटं नाही सांगत, त्याही वेळी त्यांच्या तोंडून निघालं, “चालू करतो!” टक. “बंद करतो!” टक. “चालू! बंद! चालू! बंद!” आवाज फाटला होता त्यांचा. खिडकीतलं ऊन उतरलं होतं, खोली काळी-पांढरी, काळी-पांढरी व्हायला लागली. नागपुरात मितूच्या चेहऱ्यावर तो उजेड नाचला. तिनं डोळे किलकिले केले. तिच्यासमोर काचेत तिची आई लागत होती आणि विझत होती.

ती उठली. विचार करून नाही उठली. फ्रॉकातली पोर उठायची, तशी उठली. भिंतीला धरत, एकदा गुडघ्यावर पडत, पुन्हा उठत काचेबाहेर गेली.

उरली नुसती भिंत, आणि तिच्यावर ओल्या केसांचा डाग.

“गेली का?” भाऊ अजून बटण दाबत होते. मी मान हलवली. ती दारापर्यंत पोचली की मधल्या खोलीतच पडली, हे सांगणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघं त्या भिंतीकडं पाहत राहिलो. भाऊ माझ्याजवळ फरशीवर बसले, आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला कळलं. ठीक? ठीक?

किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. एकदम काचेत एका अनोळखी बाईचं तोंड आलं. “कोण हाय? मितूच्या आई का? अहो, तुमची पोरगी जिन्यात बसून हाय, उलट्या करून राहिली. आमचे हे गाडी काढून राहिले.”

भाऊंनी मला बाजूला सारलं. “बाई, तुम्ही आत नका थांबू! खिडक्या उघडा आन् बाहेर पळा! सिलिंडर बंद करा, आन् बाहेर!”

“हे कोण?” ती बाई घाबरली.

“आमचे घरमालक,” मी म्हटलं. “ते म्हणतात तसं करा, ताई.”

मितू दवाखान्यातून चार दिवसांत घरी आली. डॉक्टरांनी काही छातीठोक सांगितलं नाही. गॅस असू शकते म्हणाले, ताप डोक्यात गेला असंही असू शकते म्हणाले. जावई अजूनही म्हणतात, “व्हायरल होतं, आई.” पण गीझर त्यांनी काढून टाकलं, मला न सांगता. पुढच्या वेळी मी नागपूरला गेले तेव्हा न्हाणीघराच्या भिंतीवर नुसती भोकं होती.

आणि भाऊंनी काय केलं? त्यांनी अलमारीचं दार काढून टाकलं. बिजागऱ्या सोडवून, स्वतः. एवढं लोखंडी दार गच्चीवर त्या लाल पट्टीच्या काठीला टेकवून ठेवलं. वायफायचा डबा तिथंच, आता उघड्यावर, काडेपेट्यांच्या शेजारी. मी म्हटलं, “भाऊ, उंदीर?” तर म्हणाले, “येऊ द्या त्याले.” पण त्या दिवसापासून त्यांना झोप लागेना. मी खालून ऐकायची, ते फिरत असायचे.

मितूला आता माझीच काळजी. रोज लॅपटॉप लागला की आधी विचारते, भाजी काय? मी अंगठा दाखवून चालत नाही. दोन्ही हातांनी नीट सांगावं लागतं, आणि ती माझ्या बोटांकडं पाहत राहते.

मागच्या थंडीत भाऊंच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात त्यांना मी भेटायला गेले तेव्हा नाकाला नळी होती, आणि खिडक्या बंद. एसीची खोली, कुणी उघडू देईना. मी स्टूल ओढून बसले. त्यांचे डोळे माझ्याकडं होते. त्यांचा मुलगा आला होता पुण्याहून, तो बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. मी वाकले आणि त्यांचंच त्यांना विचारलं.

“भाऊ, आज भाजी काय?”

ते हसले. फार दिवसांनी इतकं मोकळं हसले.

“ठीक हाय, वहिनी.”

मी स्टूल आणखी जवळ घेतलं आणि पुन्हा विचारलं.